चढावरचा तुकडा

पारा उणे आठवर उतरला आणि पहाटे पाचला इर्मगार्डने गावभर फोन लावले. अर्ध्या तासात टोप्या-हातमोजे चढवून अकरा माणसं तिच्या अंगणात हजर. गोठलेली द्राक्षं उन्हं यायच्या आत चरकात पडली, तरच ती गोड वाइन; नाहीतर नुसता पाणचट रस.

सहा हिवाळे ही थंडी तिला हुलकावणी देत होती. यंदाही हुकलं तर मळा विकून कोलोनला लेकीकडे राहायला जायचं, असा शब्द ती देऊन बसली होती. गिऱ्हाईकही ठरल्यातच जमा होतं. तिच्या तुकड्याला लागूनच एवाल्डचा तुकडा. मध्ये बांधसुद्धा नाही. त्यानेही आपली द्राक्षं याच थंडीसाठी वेलीवर राखली होती.

तिचा गुडघा दुखावल्यापासून तीन आठवडे एवाल्डच रोज वर जाऊन यायचा आणि दारातूनच सांगायचा, "तुझी द्राक्षं तुझ्यापेक्षा धडधाकट आहेत." हा मळ्याची मापं घेऊन येत असणार, हे तिने केव्हाच ताडलं होतं.

आज तर कंदील घेऊन तो सगळ्यांच्या पुढे. तीही काठी टेकत निघाली, तसा तो आडवा आला.

"तू चरकापाशी बस, इर्मा. घसरलीस तर आम्ही द्राक्षं खुडायची की तुला उचलायचं?"

"माझा एक घड जरी मागे ठेवलास तर बघ."

"तुझ्या तुकड्यात एक मणी सापडला, तर नाव बदलीन."

टोपल्या आल्या. गोट्यांसारखी द्राक्षं खडखडत चरकात पडली. बराच वेळ काहीच नाही. मग सुतासारखी बारीक, मधाळ धार लागली. इर्मगार्डने बोट बुडवून चाखलं आणि भर अंगणात एवाल्डच्या गालाचा मुका घेतला. एवाल्ड लाजून सूप ढवळायला पळाला. लेकीला तिने तिथूनच कळवलं, मळा विकायचा नाही.

उजाडल्यावर सगळे सूप भुरकत असताना ती कुणाला न सांगता चढ चढली. वेलींवरून एकदा हात फिरवायचा होता.

तिच्या तुकड्यातली जाळी फाटून लोंबत होती. रानडुकरांनी वेली ओरबाडून मुळाशी माती उकरली होती. त्यावर रविवारी पडलेला बर्फ जसाच्या तसा होता, एकही पाऊल न उमटलेला. सगळी पावलं शेजारच्या तुकड्यात गेली होती.