एक अक्षर जास्त

“माझं पान पुसते आणि वर मला चहा हवा का विचारते,” मास्तर कॉम्प्युटरवाल्याच्या कानाशी पुटपुटले. पुटपुटणं असं, की शेजारच्या टेबलावर बसलेल्या सुनेला शब्द न् शब्द ऐकू जावा.

सुनेनं गाडीची किल्ली टेबलावर आपटली. “मी तुमच्या पानाला बोटही लावलेलं नाही, बाबा. शंभरदा सांगून झालं.”

“मग अकरा महिन्यांत माझ्याकडे एकही विद्यार्थी कसा नाही? आणि तुझ्याकडे रांग!”

ड्रायव्हिंग स्कूल मास्तरांचं; आता सूनही तिथेच शिकवायची. अठ्ठावीस वर्षं त्यांनी अर्ध्या गावाला क्लच सोडायला शिकवलं होतं. स्कूलची एका पानाची वेबसाइटही त्यांनीच बनवलेली, एक पुस्तक आणून, त्यावरून शिकून. दर सोमवारी ते तिच्यापुढे बसत. वेळा बदलत, अक्षरं मोठी करत. पुढच्या सोमवारी आणखी थोडी मोठी. “लोकांना वाचता यायला नको?” म्हणत. आता ‘मास्तर स्वतः शिकवतात’ ही ओळ पडद्यावर मावेनाशी झाली होती.

आज सकाळी चौकशीला आलेल्या एका बाईंनी विचारलं, “तुम्ही पण शिकवता? वेबसाइटवर तर फक्त मॅडमचं नाव आहे.” बाईंनी मोबाइल पुढे केला. मास्तरांनी तो हातात न घेताच कॉम्प्युटरवाल्याला बोलावणं धाडलं.

कोपऱ्यात मास्तरांची बायको विणत बसली होती. या दोघांचं सुरू झालं की ती टाके मोजायला लागायची.

“तुम्ही पान कसं उघडता, मास्तर?” कॉम्प्युटरवाल्यानं विचारलं.

मास्तरांनी पडद्यावरच्या एका चित्रावर दोनदा टिचकी मारली. त्यांचं पान उघडलं, भिंतीवर रंगवल्यासारख्या अक्षरांत.

“आणि लोक नुसतं स्कूलचं नाव टाकतात.” त्यानं तसं टाकलं. दुसरंच पान उघडलं. तीच गाडी, तीच निळी चौकट, तीच वाक्यं. अक्षरं बेताची. एकच ओळ गायब.

“पान कुणी पुसलेलं नाही. पानं दोन आहेत,” तो म्हणाला. “तुमच्या फाइलच्या नावामागे डॉट एचटीएम. या दुसरीच्या नावामागे डॉट एचटीएमएल. एक अक्षर जास्त.”

“म्हणजे माझी चुकीची?”

“छे हो. ब्राउझरला दोन्ही सारख्याच. जुन्या कॉम्प्युटरवर तीनच अक्षरं चालायची, म्हणून शेवटचं गाळायचे. पण सर्व्हरच्या लेखी या दोन वेगळ्या फाइली. कुणी नुसतं नाव टाकलं की तुमचा सर्व्हर आधी चार अक्षरांची शोधतो. ती सापडली की दुसरीकडे बघतच नाही.” तो जरा घुटमळला. “तुमचं पान जागच्या जागी आहे. फक्त तुम्ही सोडून ते कुणी बघत नाही.”

“ऐकलंस?” मास्तर सुनेवर कडाडले. “पुसायची छाती नव्हती, म्हणून शेजारी दुसरं उभं केलंस! स्टिअरिंग कसं धरायचं ते मी शिकवलंय तुला.”

“शिकवलंत. आणि तेव्हापासून रोज ऐकवताय.” सून म्हणाली. “घ्यायचा तेवढा संशय घ्या. पण माझ्या मुलीला...” ती थांबली. तिनं सासूकडे बघितलं.

“बोल की! नातीला माझ्या गाडीत बसू देत नाहीस, कळत नाही का मला? त्या चौकातल्या दिवसापासून. ट्रकवाला आडवा घुसला, वर त्यानंच हॉर्न मारला. सिग्नल हिरवा होता. होता की नव्हता?”

सुनेनं टेबलावरची किल्ली उचलून मुठीत धरली. त्या दिवशी मात्र सगळ्यांनी माना हलवल्या होत्या. पुढे बसलेल्या सुनेनं, मागे नातीला छातीशी धरून बसलेल्या आजीनं. गाडीचा फुटलेला दिवा बदलला आणि विषय संपला. दुसऱ्या दिवसापासून आजी नातीला शाळेत चालत नेऊ लागली. चालणं तब्येतीला बरं, म्हणाली.

“ही फाइल कुणी केली ते शोध,” मास्तरांनी फर्मावलं. “हिच्यासमोरच सांग.”

कॉम्प्युटरवाला बराच वेळ शोधत राहिला. “याच कॉम्प्युटरवर केलीय. फोल्डरचं नाव...” तो अडखळला. “‘विणकाम’.”

कोपऱ्यातल्या सुया थांबल्या.

मास्तरांना हसूच फुटलं. “ही? अहो, हिला माउस कुठल्या बाजूनं धरायचा ते ठाऊक नाही.”

“तुमच्याच पुस्तकावरून शिकले,” बायको म्हणाली. “दुपारी तुम्ही झोपलात की. तुमचं पुसायला हात धजेना, म्हणून एक अक्षर जास्तीचं लावलं.”

“आई, राहू द्या,” सून हळूच म्हणाली.

“पण का?” मास्तरांचा आवाज आज पहिल्यांदाच खाली आला होता. “मी काय वाईट केलं होतं तुझं?”

तिनं विणकाम मांडीवरून काढून बाजूला ठेवलं. उठून त्यांच्या अगदी समोर, त्यांना चेहरा दिसेल इतकी जवळ येऊन उभी राहिली.

“अहो,” ती म्हणाली, “त्या दिवशी सिग्नल लाल होता.”