डॉक्टर नसल्याचा दाखला

“शिक्का? कशावर शिक्का?” फरगली खाटकानं हातातले फासे खाली ठेवले. “आधी मोठ्यानं वाचा बघू, डॉक्टर.”

बहगतनं कागद वाचला. “आम्ही खाली शिक्का करणारे तीन शेजारी शपथेवर सांगतो की, अर्जदार बहगत शहाता यानं आजवर कुणाही माणसावर औषधोपचार केलेले नाहीत.”

कॉफीखान्यातल्या गुडगुडीतलं पाणीसुद्धा बोलायचं थांबलं.

सगळा दोष त्या पाटीचा. बहगत सहा वर्षांचा होता तेव्हा त्याच्या बापानं, शहाता बियाणेवाल्यानं, दुकानाच्या दारावर ‘डॉक्टर बहगत’ अशी पितळी पाटी ठोकली. पोरगा पुढं डॉक्टर होणारच आहे, मग पाटीला उशीर कशाला? पोराला मिसरूड फुटेपर्यंत घागरगल्लीत पाटीखाली रांग लागायला लागली. बहगतनं कधी कुणाला साधी गोळी दिली नाही. मीठ कमी करा, लवकर झोपा, नाहीच थांबलं तर सरकारी दवाखाना गाठा, एवढंच तो सांगायचा. लोक तेवढ्यानंच बरे व्हायचे. कालव्यापलीकडच्या खेड्यांतून माणसं गाढवावर बसून यायची आणि गाढवाच्या पुढं चालत परत जायची. कॉफीखानेवाल्या मितवल्लीची शेळी तर नुसती पाटीखालून गेली आणि दुसऱ्या दिवसापासून दुप्पट दूध द्यायला लागली. ते दूध प्यायलेली माणसं अजून हयात आहेत.

या गर्दीत शाळेचं शेवटचं वर्ष बुडालं. रसायनात साठपैकी अकरा. दुसऱ्या खेपेला पोरगा कसाबसा काठावर पास झाला, पण तेवढ्या गुणांवर मेडिकल कुठलं मिळायला? तिसऱ्या खेपेला आत्यानं त्याला आपल्या गच्चीवरच्या कबुतरखान्यात कोंडलं. तिथं एकही रोगी चढू शकला नाही, आणि बहगत एकूण शंभरात शहाण्णव टक्के घेऊन खाली उतरला. अंगभर पिसं चिकटली होती, पण गुण खरे होते.

मेडिकल कॉलेजच्या अर्जात विचारलं होतं : पहिल्या खेपेला नापास का झालात? बहगत प्रामाणिक पोरगा. त्यानं लिहिलं : ‘रोग्यांची गर्दी.’ वाचून समितीतल्या तिन्ही प्राध्यापकांना एकदम ठसका लागला. पदवी नाही आणि रोगी तपासतो? तीन शेजाऱ्यांचे शिक्के आणा, नाहीतर प्रवेश विसरा. कॉलेजची खिडकी एक वाजता बंद व्हायची होती. बारा तर केव्हाच वाजून गेले होते.

“खोटी साक्ष? मी हजला जाऊन आलोय,” फरगली गरजला. “माझं ब्लडप्रेशर कुणी उतरवलं?”

“चाचा, मी फक्त म्हटलं होतं, चरबी खाऊ नका.”

“खाटकाला चरबी सोडायला लावलीत! याला उपचार नाही म्हणायचं? शस्त्रक्रिया आहे ही!”

मितवल्लीनं चष्मा लावून कागद जवळ ओढला. “इथं ‘माणसावर’ लिहिलंय. माझी तर शेळी होती.” त्यानं समाधानानं शिक्का उमटवला.

राहिले दोन. बहगत शेजारच्या उम्म झनातीकडं वळला. म्हातारी कॉफीखान्याच्याच उंबऱ्यावर पाय पसरून भेंडी चिरत होती. तिचा पितळी शिक्का गळ्यातल्या दोरीला लटकत होता.

“आणि माझा गुडघा?” ती म्हणाली. “तो काय आपोआप बरा झाला? कुणाच्या परवानगीनं?”

“खाला, हा शिक्का मिळाला नाही, तर मी जन्मभर ‘मीठ कमी करा’ सांगत बसेन. त्यापुढचं मला काही येत नाही.” बहगत तिच्याशेजारी उंबऱ्यावर टेकला. “परवा तुमचा नातू तापानं फणफणला होता. मी दवाखान्याचा रस्ता दाखवला आणि घरी जाऊन रडलो. गल्ली मला डॉक्टर म्हणते, खाला. मला मात्र त्या पोराला काय झालंय तेसुद्धा कळलं नाही.”

म्हातारीनं सुरी खाली ठेवली. गुडघा चोळला.

“माझ्याकडून कधी फी घेतलीस?”

“नाही.”

“मग तू डॉक्टर कसला रे, बहगत?”

त्याला नावानं हाक मारलेली गल्ली पहिल्यांदाच ऐकत होती. उम्म झनातीनं शिक्का शाईत बुडवला आणि असा हाणला, की मितवल्लीचे चहाचे पेले थरथरले.

“पण मी दर शुक्रवारी किलोभर मटण पाठवतो,” फरगली कुरकुरला. “ती फीच झाली की.”

“किलोभर?” म्हातारी खेकसली. “त्याच्या आईला विचार. तुझ्या तराजूतून आलेलं मटण फीत धरता येत नाही. मार शिक्का!”

फरगलीनं मारला.

बहगत कालवा ओलांडून पळत सुटला. एकाला पाच मिनिटं असताना त्यानं खिडकीत कागद सरकवला. कारकुनानं मजकूर वाचला नाही, फक्त शिक्के मोजले. एक, दोन, तीन. रजिस्टरात नाव चढवलं, पावती फाडली. देता देता त्याची नजर पत्त्यावर पडली. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि खिडकीतून अर्धा बाहेर वाकला.

“घागरगल्लीतला का तू? अरे, तिथं तो पितळी पाटीवाला डॉक्टर बसतो ना? माझ्या सासूला दाखवायचंय. शहरभर फिरलो, गुण नाही. तुझी ओळख असेल तर बघ ना जरा.”

बहगतनं पावतीची घडी करून खिशात ठेवली.

“ओळख आहे, साहेब. पण ते आता सात वर्षं भेटणार नाहीत,” तो म्हणाला. “डॉक्टर शिकायला गेलेत.”