पडदा कुठं पाडायचा

गणपती बसायला एक दिवस उरला होता, आणि भर दुपारी मंडपात तिबेट स्वतंत्र झाला.

कापसाच्या बर्फावरून चिनी सैनिक पळत सुटले, तुतारी वाजली आणि मागच्या प्लायवूडच्या डोंगरावर सरसर झेंडा चढला. रंगीत तालीम बघायला जमलेल्या गल्लीनं टाळ्या पिटल्या. पहिल्या रांगेतल्या ल्हामोआक्का तेवढ्या टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या झेंड्याकडं बघत होत्या. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

शेजारी बसलेले त्यांचे भाऊ, नोर्बूसर, ताडकन उठले.

"दादासो, हे असं झाल्यालं न्हाय."

मंडळाचा अध्यक्ष दादासो स्टेजवरून धावत खाली आला. त्याला वाटलं, झेंड्याचा रंग चुकला.

नोर्बूसर सत्तरीचे. हिवाळ्यात स्वेटर विकायचे आणि उरलेलं वर्ष आपल्या तिबेटचा इतिहास लिहायचे. तीन खंड झाले होते, चौथा चालू होता. माईक मिळेल तिथं ते तिबेटच्या स्वातंत्र्यावर बोलत. दर दहा मार्चला, तिबेटी उठावाच्या दिवशी, बिंदू चौकात झेंडा घेऊन उभे राहत, बहुतेक वेळा एकटेच. एका माणसाचा मोर्चा दादासोला काही बघवला नाही. कोल्हापुरात कुणी एकटा भिडताना दिसला, की निम्मं गाव कारण न विचारता त्याच्या बाजूनं उभं राहतं. दरवर्षीची पावनखिंड यंदा बाजूला ठेवायची आणि सजीव देखावा सरांचा करायचा, असं दादासोनं परस्पर ठरवूनच टाकलं. खिंड काय, सरांच्या गोष्टीतही होतीच.

गोष्ट सरांनीच सांगितली होती. चार वर्षांच्या भावाला पाठीशी बांधून अकरा वर्षांची एक मुलगी हिमालयातली खिंड ओलांडते. तो भाऊ म्हणजे सर आणि ती मुलगी म्हणजे ल्हामोआक्का. देखाव्यासाठी म्हणून त्या मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीतून सकाळच्या एसटीनं आल्या होत्या. त्यांचं काम गल्लीतली शिवांजली करत होती, पाठीवर कापडाचं बाहुलं बांधून. खिंडीपर्यंत सगळं सरांच्या शब्दाबरहुकूम होतं. पुढचा विजय दादासोनं पदरचा घातला होता.

त्याचंही चुकलं म्हणावं असं काही नव्हतं. "सर, माणसं दोन-दोन तास लाईनीत उभी ऱ्हात्यात," तो म्हणाला. "त्यास्नी काय हरल्यालं दाखवू व्हय?"

"हरल्यालं न्हाय, दादासो. संपल्यालं न्हाय अजून."

"मग पडदा कुठं पाडू?"

 तीन खंडांत सरांनाही हे कुठं लिहिता आलं नव्हतं.

मग त्यांनी दादासोला बाजूला घेऊन समजावलं. तिबेट हा मुळात देशच नव्हता, त्याचा इतिहास म्हणजे रचलेल्या कहाण्या, असं म्हणणारी माणसं जगात कमी नाहीत. त्यांच्या तोंडावर सरांनी जन्मभर फक्त कागद आणि तारखा ठेवल्या होत्या. त्यातली एकही तारीख आजवर कुणाला खोटी पाडता आली नव्हती. उद्या इथं कुणीतरी मोबाईलवर हा विजय टिपणार, तो गावभर आणि जगभर फिरणार, आणि लोक म्हणणार, यांचं सगळं असंच, मंडपातलं. हा शेवट ठेवायचा असेल तर देखाव्याच्या पाटीवरचं माझं नाव पुसा, असं सरांनी शेवटी स्वच्छ सांगितलं.

दादासो बराच वेळ डोकं खाजवत राहिला. झेंडा चढवायची दोरी बसवण्यात पोरांचे चार दिवस गेले होते. सैनिकांचे कपडे इचलकरंजीहून भाड्यानं आणले होते. पण सरांचं नाव पुसायचं म्हणजे देखाव्यात उरलं काय? त्यानं कपाळावर हात मारला आणि स्टेजकडं वळून ओरडला, "पोरांनू, झेंडा कॅन्सल. पहिल्यापास्नं घ्या."

दुसऱ्या वेळी देखावा खिंडीत थांबला. टेपवर वारा घोंगावत होता. शिवांजली चढाच्या टोकाला पोचली, पाठीवरचं ओझं तिनं सावरलं आणि एकदाच मागं वळून बघितलं. दिवे हळूहळू मंद झाले. पडदा पडला.

गल्लीतलं कुणी हललं नाही. मघाशी टाळ्या पिटणारी पोरंसुद्धा चिडीचूप होती. सरांच्या छातीवरचा धोंडा उतरला. चार भिंतींत बसून लिहिलेलं आज पहिल्यांदा कुणाच्या तरी काळजाला जाऊन भिडलं होतं, आणि एक अक्षरही खोटं न सांगता. त्यांना आनंद झाला, अगदी लहान पोरासारखा. ते बहिणीकडं वळले. त्यांना स्वतःला ती वाट आठवत नव्हती. जे लिहिलं ते तिच्या तोंडून ऐकून लिहिलं होतं. पावती द्यायची ती तिनंच.

ल्हामोआक्का पडद्याकडंच बघत होत्या. पडदा परत उघडेल म्हणून त्यांनी थोडी वाट बघितली. तो उघडला नाही. मग त्या भावाकडं वळल्या आणि आपल्या भाषेत, हलक्या आवाजात म्हणाल्या,

"नोर्बू, आत्ता तर पोचलो होतो आपण घरी. परत कशाला बाहेर काढलंस?"

दादासो खुर्च्यांमधून वाट काढत जवळ आला. सगळी पोरं त्याच्या मागं येऊन उभी राहिली.

"काय म्हणाल्या आक्का?"

सरांनी बहिणीचा हात हातात घेतला. 

"शेवट बराबर हाय म्हणत्यात," ते म्हणाले.