पाहुण्याला ठाऊक नसतं

घरात कापूस भरला, की नितेश कोणाला बिडीसुद्धा पेटवू देत नसे. म्हणून त्या दुपारी बाळापूरहून आलेल्या मनोजनं सिगारेट खिशातच ठेवली आणि चहाचा कप घेऊन तो कापसाच्या ढिगाला रेलून बसला. दोघा मित्रांचा जुनाच वाद सुरू झाला: त्या रहस्यपटवाल्या म्हाताऱ्या दिग्दर्शकाचा सगळ्यात भारी सिनेमा कोणता?

"ज्यात खुनी शेवटपर्यंत समजत नाही, तो," मनोज म्हणाला.

"हट्! ज्यात मुडदा घरातच असते अन् पाहुणा बाजूले बसून चहा पिऊन राहते, तो. आपल्याले मालूम असते, पाहुण्याले नसते."

"वास नाही येत काय त्याले?" मनोज हसला.

नितेश हसला नाही.

"आरतीवहिनी नाही दिसून राहिल्या?"

"माहेरी गेली, पातूरले. चार दिवस झाले."

मनोज कप ठेवायला ढिगाच्या कडेनं मागं वाकला. ढिगाच्या मागं, कापसाला अगदी खेटून, पाच-सहा उदबत्त्या जळत होत्या.

तो उठू लागला. नितेशनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बस ना बे. काहून उठला? वास येऊन राहिला काय?"