पंगतीचं टेबल

सारं घर एका वेळी जेवायला बसावं, एवढंच हौसाबाईचं म्हणणं होतं. धाकट्या धीरजनं अनसिंग गावातल्या घरामागं टिनाच्या शेडात लाकूड कोरणारं संगणकी सीएनसी मशीन बसवलं, तेव्हा पहिलं काम त्यानं आईचंच घेतलं: सागाचं आठ फुटी टेबल. मशीनवर चारच फूट लाकूड मावायचं, म्हणून दोन भाग कोरून जोडले. वरची वेलबुट्टी अशी सलग आली, की बोट फिरवूनही हौसाबाईला जोड सापडेना.

"पण याले आठ पाय कायले रे?" तिनं विचारलं.

"वजन लय हाय, माय," अंगावरचा भुसा झटकत तो म्हणाला.

वर्षभरानं थोरल्या रवीनं वाटणी मागितली. भांडी झाली, कपाटं झाली, टेबल तेवढं राहिलं. रवी करवत आणायला उठला. हौसाबाईच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं नाही. ती वेलबुट्टीवरून बोट फिरवत राहिली.

"करवत नोको, दादा," धीरज म्हणाला. पाना घेऊन तो टेबलाखाली शिरला आणि त्यानं चार बोल्ट खोलले.


दोन्ही टेबलं आपापल्या चार पायांवर उभी राहिली. एकही डुगडुगलं नाही.