उजवा कोंब

गुरांच्या डॉक्टरांनी विजेची डागणी तापायला लावली. बारा दिवसांची कालवड सासूबाईंच्या मांडीला टेकून त्यांचं बोट चोखत होती. शिंगांचे कोंब जाळायला विरोध सासूबाईंचाच, आणि डोकं धरायलाही त्याच बसल्या होत्या. परक्या हाताला ती बुजते, म्हणे.

"अजून वेळ गेलेली नाही," त्या म्हणाल्या.

"आई, आठ दिवस तेच चाललंय आपलं." सून दारात उभी होती, घरात निजवून ठेवलेल्या लेकीकडे एक कान ठेवून. लेकीच्या गालावर तीन टाके होते. मोठ्या गाईनं मान झटकली आणि शिंग लागलं. डोळा बोटभरानं वाचला.

"माशी हाकलत होती गं ती."

"तेच तर! चिडून मारलं असतं तर पोरीला सांगितलं असतं, गाईच्या वाटेला जाऊ नकोस. माशीला काय सांगू?"

डॉक्टर हसले. सासूबाई हसल्या नाहीत.

"गाय मलूल दिसली की मी आधी शिंगाच्या बुडाशी हात लावते, तापलंय का बघायला. हिच्या कुठे लावू?"

"थर्मामीटर आहे की."

"पोर तापली की तू आधी थर्मामीटर लावतेस, का हात?"

सुनेनं घराकडे बघितलं. ते तीन टाके काही केल्या डोळ्यांपुढून हलेनात.

"डॉक्टर, करा तुम्ही."

बधिर करायची इंजेक्शनं दोन्ही बाजूंना देऊन झाली होती. पुढच्या गोठ्यावरून डॉक्टरांना दोनदा फोन येऊन गेला होता. त्यांनी डागणी उचलली.

"थांबा." सासूबाईंनी स्वेटरला लावलेली पिन काढली.

"आता काय आणखी? पुरे ना, आई!"

सासूबाईंनी डाव्या कोंबाशी पिन टोचली. कालवड चोखत राहिली. मग उजव्या कोंबाशी. कालवडीनं अशी उसळी घेतली की डॉक्टर दोन पावलं मागे सरले.

"अरेच्चा! या बाजूची सुई चुकली वाटतं." त्यांनी डागणी बंद केली.



डॉक्टरांनी उजवीकडे पुन्हा इंजेक्शन दिलं. दहा मिनिटं गेली. फोन वाजला, त्यांनी तो वाजू दिला. मग सासूबाईंनी पिन सुनेपुढे धरली.

"आता तू बघ."

"मी? तुम्हीच बघा ना."

"तुला हवंय ना? मग तूच."

सून पुढे आली. तिनं पिन टेकवली.

"एवढ्या लाडानं टोचलंस तर तुझी लेकसुद्धा जागी व्हायची नाही. जोरात."

ओठ घट्ट मिटून तिनं पिन रोवली. रक्ताचा बारीक थेंब आला. कालवडीचे डोळे अर्धवट मिटलेले होते, तोंडात सासूबाईंचं बोट.

डागणी पुन्हा तापली. या वेळी डॉक्टर ती हातात धरून सुनेच्या तोंडाकडे बघत राहिले.

"करा," ती म्हणाली. आणि खाली पेंढ्यावर बसून तिनं दोन्ही हातांनी कालवडीची मान धरली.

सासूबाई जरा सरकल्या, तिला जागा व्हावी म्हणून.