बारा बाय पंचवीस

"शिकारीला चांगलं कुठलं, ते तुम्ही सांगा बाबा. काचेतलं तुम्हाला कळतं."

काचेतलं कळतं! बावीस वर्षं पिनरमध्ये लोकांचे डोळे तपासून नंबर काढून दिले, ते याचसाठी? पोटच्या पोरीनं हरणं मारावीत आणि आपण तिला दुर्बीण निवडून द्यावी म्हणून? अजयचे कान तापले होते. काउंटरवर दोन दुर्बिणी होत्या. त्याला दोन्ही उचलून रस्त्यावर फेकाव्याशा वाटत होत्या.

दुकान वॉटफर्डच्या बरंच पुढं, एका खेड्याच्या टोकाला. हिरवे कोट. गमबूट. मागच्या भिंतीला साखळीत ओवलेल्या बंदुका. लाल गालांचा दुकानदार चहाचा मग धरून गप्प उभा.

स्वराली तेवीस वर्षांची. बायॉलॉजीत फर्स्ट क्लास. सोमवारपासून स्कॉटलंडमधल्या एका इस्टेटीवर तिची पंधरा दिवसांची ट्रायल होती. डोंगरावर हरणं फार झाली की नेमकी निवडून, मोजून मारायची, अशी नोकरी. जमलं तर कायम. नाहीतर घरी.

नाहीतर घरी. हे दोन शब्द अजय सकाळपासून पेपरमिंटसारखे चघळत होता.

"गोऱ्यांनी गेल्या वर्षी कोल्ह्यांमागं कुत्री सोडणं बंद केलं," तो म्हणाला, "आणि आमची पोरगी बंदूक घेऊन निघाली."

"रविवारचा तुमचा मटण काय सुसाइड करतो का, बाबा?"

"ते वेगळं. आणि मटण 'तो' नसतो."

"मरतो तर ना?"

दुकानदाराला मराठी कळत नव्हतं, तरी तो मगात बघून हसला.

एकीवर लिहिलं होतं १२ x २५. दुसरीवर ८ x ५६. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा. दुसरा पुढच्या काचेचा, मिलिमीटरमध्ये. गिऱ्हाईक पहिल्या आकड्याला भुलतं. जाणकार भागाकार करतो.

छप्पन भागिले आठ. सात.

पंचवीस भागिले बारा. दोन.

डोळ्यापर्यंत पोचणारा उजेडाचा ठिपका एवढ्या मिलिमीटरचा. तिन्हीसांजेला तरुण डोळ्याची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते. दोनच्या ठिपक्यातून त्या वेळी हरीण दिसत नाही. झुडूप दिसत नाही. काळोख दिसतो, बारा पट. आणि हरणं बाहेर पडतात तीच संध्याकाळी, हे स्वरालीनंच गाडीत सांगितलं होतं.

पहिली की दुसरी?

दिवसातून शंभरदा तो हेच विचारायचा. डोळ्यापुढची काच बदलायची. हे स्पष्ट की हे? पहिलं की दुसरं? त्या खुर्चीत बसून कुणी खोटं बोलत नाही. बोलून उपयोग काय? चष्मा स्वतःलाच घालायचा असतो.

हा चष्मा त्याला घालायचा नव्हता.

"ही घे," अजय म्हणाला. लहान दुर्बीण त्यानं पुढं सरकवली. "बारा पट आहे. हलकी. खिशात राहील."

दुकानदारानं मग खाली ठेवला, तोंड उघडलं. अजयनं त्याच्याकडे असं बघितलं की ते मिटलं.

स्वराली दुर्बीण घेऊन दारात गेली. नोव्हेंबरातले सव्वाचार वाजले होते. पार्किंगच्या पलीकडं कुंपण, कुंपणापलीकडं शेत, आणि उजेड कुणीतरी पुसून घेत असल्यासारखा.

"काळं दिसतंय, बाबा."

"सवय नाही तुला. होईल."

"आणि सगळं हलतंय."

"होईल म्हटलं ना!"

ती परत आली. त्याच्यासमोर उभी राहिली. तिचा आवाज एकदम खाली गेला.

"ऐका. मादी असेल आणि तिचं पाडस बरोबर असेल, तर आधी पाडस मारायचं. मग आई. दॅट्स द रूल. आई आधी पडली तर ते पळून जातं. मग भूक, थंडी. हळूहळू मरतं, बाबा. डेज अँड डेज. गवतात बसलेला असतो तो. मला दिसला पाहिजे, गोळी मारायच्या आधी." तिनं दुर्बीण वर धरली. "ह्याच्यातून दिसेल?"

खरं बोलायला एक शब्द पुरला असता. तो जिभेवर आलाही. पण त्या शब्दाच्या पलीकडं पोरगी डोंगरावर राहणार होती, रक्तात हात घालणार होती, आणि अलीकडं ती पंधरा दिवसांत नापास होऊन, रडत का होईना, स्वतःच्या खोलीत परतणार होती. पाडसाचं पाडस बघेल.

"दिसेल," अजय म्हणाला. "बापावर विश्वास नाही का?"

स्वरालीनं लहान दुर्बीण काउंटरवर ठेवली. दुकानदाराकडं वळून ती इंग्रजीत म्हणाली, "माझी द्या आता."

त्यानं काही न विचारता काउंटरखालून एक खोकं काढलं. त्यावर मार्करनं तिचं नाव होतं आणि गेल्या शनिवारची तारीख. तिनं आतली दुर्बीण गळ्यात अडकवली. आठ बाय छप्पन.

अजयनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"इस्टेटवाले फोनवर म्हणाले, तुला एप्रिलमध्ये पण बोलावलं होतं," स्वराली म्हणाली. "पत्र पाठवलं होतं, पिनरच्या आपल्या घरच्या पत्त्यावर. तू आली नाहीस, म्हणाले. ते पत्र कुठे गेलं, हे आज तुम्हाला विचारणार होते, बाबा. आता विचारत नाही."